पावसाची वही



कुणाला भजनाचा नाद असतो, कुणाला बैलांचा, कुणाला तालुक्याला जाऊन पिक्चर बघायचा. मला पाऊस मोजायचा नाद आहे. २०११ च्या मृगापासून रोज सकाळी ८:३० वाजता मी आखाड्यावरचं पर्जन्यमापक बघतो आणि आकडा वहीत लिहितो. हवामान खातंही रोजचा पाऊस सकाळी ८:३० ते ८:३० असाच धरतं, म्हणून मीही तीच वेळ ठेवली. घरचे आधी हसायचे. "पाऊस पडला ते दिसतंयच की, लिहायलाव काय?" असं आमची आई म्हणायची. आता पाऊस उघडला की तीच ओसरीवरून विचारते, "किती झाला रं?"

आमच्या वडलांचं माप वेगळं होतं. सडा शिंपल्यावाणी झाला, पागोळ्या लागल्या, तासं भरली, बांध फुटला, ओढा आला. या शब्दांवर त्यांनी साठ वर्षं शेती केली. मला गंमत म्हणून त्या शब्दांसमोर आकडे मांडायची सवय लागली. माझ्या वहीप्रमाणं सडा म्हणजे २-३ मिलिमीटर, पागोळ्या धरल्या की ६-७, आणि आमच्या उताराच्या रानात तासं भरायला पंचविसेक तरी लागतात, तेही एका दमात पडला तर. हेच २५ मिलिमीटर दिवसभर रिमझिम पडले तर तासात थेंब दिसत नाही, सगळं काळी पिऊन टाकते. म्हणून मी आकड्याशेजारी वडलांचा शब्दही लिहितो. किती पडला ते आकडा सांगतो, कसा पडला ते शब्द सांगतो. शेतकऱ्याला दोन्ही लागतं.

आता हिशोब बघा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे १ मिलिमीटरला एकरी ४ हजार लिटर. २५ मिलिमीटर, म्हणजे जुना एक इंच, झाला की एकरावर १ लाख लिटर उतरलं. १० हजार लिटरचे दहा टँकर!

आमच्या लातूरकरांना हे आकडे लवकर कळतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर होतं. सगळ्या देशानं ती गाडी बघितली. मी घरी येऊन भागाकार केला. ५ लाख लिटर म्हणजे एका एकरावर साधारण १२४ मिलिमीटर. पाच इंच. एवढा पाऊस आपल्या प्रत्येक एकरावर दर पावसाळ्यात कैक वेळा पडून जातो, आणि त्यातलं किती बांधाबाहेर गेलं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. त्या उन्हाळ्यानंतर मी उताराला आडवी पेरणी सुरू केली आणि चार-चार ओळींनंतर सरी पाडायला लागलो.

नादाचं काम कधी झालं, तेही सांगतो. तीन वर्षांमागची गोष्ट. ९ जूनला ३१ मिलिमीटर झाला. गावात एकच गडबड उडाली. पावशा ओरडतोय, ट्रॅक्टरवाल्याचा फोन लागत नाही, जो तो पेरणीला निघालेला. माझा चुलतभाऊ संध्याकाळी आला. त्याचं पाच एकर, त्यातलं तीन एकर मुरमाड. सोयाबीनचं बियाणं आणलं होतं, त्यासाठी बायकोची बोरमाळ गहाण ठेवली होती.

"दादा, पेरू का?"

मी म्हणलं, शिफारस ७५ ते १०० मिलिमीटरची आहे. तुझं ३१ झालंय. चल, रान बघू. त्याच्या मुरमाड रानात टिकाव मारला, तर चार बोटांखाली कोरडी फक्क माती. वर ओल, खाली तवा. असलं बी फुगतं, कोंब काढतं आणि वरून ऊन पडलं की तिथंच जळतं. मी थांब म्हणलं. १४ तारखेला आणखी २२ झाला. पुन्हा टिकाव, पुन्हा तेच. मी पुन्हा थांब म्हणलं.

त्यानंतर अकरा दिवस वहीत शून्य. आजूबाजूची रानं हिरवी दिसायला लागली आणि ह्याचं काळं. त्या अकरा दिवसांत माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. आपलं रान असतं तर गोष्ट वेगळी. त्याची बायको एकदा चहा देताना म्हणाली, "भाऊजी, तुमच्या नळीवर आमची बोरमाळ हाय बरं." हसून म्हणाली, पण मी तो चहा कसा प्यालो मला माहीत.

अकरा दिवसांच्या उन्हात हलक्या रानातली पिकं माना टाकायला लागली. भारी काळ्या रानातली बरीचशी तगली, हे खरं आहे ते सांगितलं पाहिजे. ज्यांची जमीन खोल, त्यांचं आधी पेरूनही साधलं. मग आर्द्रा लागल्यावर २६ जूनला ३८ आणि २७ ला १९ झाला. टिकाव मारला तर वीतभर ओल, मुठीत लाडू वळतोय. वापसा आल्यावर ३० तारखेला त्यानं पेरलं. एकदाच पेरलं. शेजारच्या मुरमाड रानात दोघांवर दुबार पेरणी आली.

यात माझी हुशारी काही नाही. पर्जन्यमापक उद्याचा पाऊस सांगत नाही. आर्द्रा कोरडी गेली असती तर चुलतभावाचा हंगामच लांबला असता आणि मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मापानं एवढंच कळतं की आज जमिनीच्या खात्यात किती जमा आहे. तेही नुसती बेरीज करून नाही. ३१ आणि २२ मिळून ५३ होतात, पण अकरा दिवसांचं ऊन त्यातलं उचलून नेतं. म्हणून आकडा वहीत आणि टिकाव रानात, दोन्ही लागतं.

दुसरी गोष्ट, पाऊस शिव बघून पडत नाही, पण महसुली मंडळाचा आकडा मात्र सगळ्या गावांना एकच. एका रात्री माझ्याकडं ८३ पडला आणि नऊ किलोमीटरवरच्या केंद्रावर ४८ नोंदला गेला. २४ तासांत ६५ च्या वर गेला तर अतिवृष्टी धरतात. केंद्राचं यंत्र चुकलं असं मी म्हणत नाही, तिथं तेवढाच पडला असेल. माझी वही सरकारी कामात चालत नाही, हेही मला माहीत आहे. पण गावात पाच ठिकाणी पाच वह्या असत्या, तर निदान बोलायला आपल्याकडं काहीतरी असतं.

नवीन कुणाला सुरुवात करायची असेल तर खर्च फार नाही. बाजारात प्लॅस्टिकचं मापक काही शे रुपयांत मिळतं. तेही नको असेल तर सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, तळात खडे टाकून पाणी भरा आणि तिथं शून्याची खूण करा. तोंड आणि अंग सारख्या रुंदीचं असलं की पट्टीवरचा मिलिमीटर तोच पावसाचा मिलिमीटर. तोंड जमिनीपासून फूटभर उंच ठेवा. झाड किंवा घर जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब बसवा. झाडाखालचं माप म्हणजे झाडाचं माप.

आणि शून्य लिहायला विसरू नका. खंड किती दिवसांचा पडला हे शून्यांवरूनच कळतं. शेंगा भरायच्या वेळी पंधरा शून्यं ओळीनं लागली, तर वर्षाची बेरीज कितीही मोठी असो, दाणा बारीकच राहतो. माझ्या वहीत अशी दोन वर्षं आहेत. दोन्ही वर्षी एकूण पाऊस चांगला होता, उतारा पडला.

वडील गेले त्या वर्षीच्या पानावर जुलैच्या एका तारखेला आकडा माझ्या अक्षरात नाही. त्या दिवशी सकाळी थोरल्या लेकीनं न सांगता नळी बघून लिहिलंय, "४ मिमी. पागोळ्या नाहीत." आजोबांचा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. आता कृषी पदविका करते, सुट्टीला आली की वही तिच्याकडं असते.

आज पुष्याचा चौथा दिवस. सकाळी ८:३० ला १२ मिलिमीटर, संथ, पागोळ्या चांगल्या लागल्या. एकरी ४८ हजार लिटर झालं. तुमच्या शिवारात किती?