एका बैठकीला किती?

ह्यांच्या कुवेती साहेबांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा बायकांच्या बैठकीत आधी कावा आला. दोन फिंजान झाले, तिसरा नको होता. मी "बस, बस" म्हणत राहिले आणि माझा फिंजान भरत राहिला. शेवटी यजमानीणबाईंनीच हसून दाखवलं, की रिकामा फिंजान हातातच जरासा हलवायचा, म्हणजे ओतणाऱ्याला कळतं. मग इस्तिकानमधून काळा चहा आणि सोबत ताटं: खजूर भरलेले मामूल, तोंडात टाकताच विरघळणारी घुरैबा, आणि दराबील, म्हणजे वेलची-दालचिनीची साखर घालून केलेली पातळ कुरकुरीत गुंडाळी. कावा पुरे, हे सांगायला खूण आहे. बिस्किटं पुरे, हे सांगायला नाही! मी सहा खाल्ली, आणि निघताना पिशवीतून आणखी मिळाली ती वेगळी.

आमच्याकडे साताऱ्याला दोनाचा नियम होता. पाहुण्यांकडे गेलं की बशीतली दोन उचलायची, तिसऱ्यांदा "घे गं" म्हणाले तरी आईकडे बघायचं. आईचे डोळेच उत्तर द्यायचे. पुढे मी शाळेत इतिहास शिकवायला लागले, तिथे मधल्या सुट्टीत पार्ले-जीचा पुडा स्टाफरूमभर फिरे. तिथेही दोनच. पार्ल्याच्या कारखान्यात ते ग्लुको बिस्किट सुरू झालं, तेव्हापासून किती मराठी माणसांनी ते चहात बुडवून अर्धं कपातच गमावलं असेल, देव जाणे. पण चारचौघांत तिसरं कोणी उचलत नसे.

इथे चारचौघं नाहीत. माझा व्हिसा आर्टिकल बावीसचा. वाचणाऱ्या बऱ्याच जणींना अधिक सांगायला नको. मुलं सहाच्या बसने जातात, हे साडेसहाला अहमदीकडे निघतात. मग सालमियातला आमचा फ्लॅट, पडदे ओढलेले, एसीची घरघर. २०१६ च्या जुलैत मित्रिबाला ५३.९ अंश नोंदले गेले, त्या देशात उन्हाळ्यात सकाळी दहाला "जरा चक्कर मारून येते" असं कोण म्हणणार? जमियातून आणलेला फॅमिली पॅक ओट्यावर असतो. चहा उकळेपर्यंत एक, ओतताना एक. उभ्याने खाल्लेलं आपण मोजत नाही.

गेल्या फेब्रुवारीत रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची साखर ६.१ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या आईला मधुमेह आहे, मावशीला आहे. आणि राहते आहे तो देशही जगात मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्यांपैकी. डॉक्टरीणबाई मल्याळी, शांत. त्यांनी विचारलं, "बिस्किटं रोज किती?"

मी म्हणाले, "दोन."

"बाई, वही घरी राहिली," असं सांगणाऱ्या मुलांचा आवाज मला दहा वर्षं ओळखता येत होता. तोच आवाज माझ्या तोंडून आला. त्यांनी कागदावर दोन लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ओट्याजवळच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा मारत गेले. एका चहाला अकरा. आणि भूक तर नव्हतीच.

ईदच्या चार दिवस आधी समोरच्या इजिप्शियन शेजारणीने दार वाजवलं. कहक करायचे होते आणि हात कमी होते. तुपात मळलेलं पीठ, आत खजुराचं सारण, वर छोट्या चिमट्याने नक्षी. आपली करंजीची कातण असते तसाच जीव त्या चिमट्यात! ती सांगत होती, लहानपणी त्यांच्या गल्लीतल्या बायका कहकचे पत्रे डोक्यावर घेऊन भट्टीवर जायच्या. मी म्हटलं, आम्हीही दिवाळीआधी रवा-मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाईच्या रांगेत उभ्या राहायचो, आपला पत्रा ओळखू यावा म्हणून खूण करायचो. तिचं इंग्रजी मोडकं, माझं अरबी त्याहून मोडकं, पण पत्रा दोघींना समजला.

चार तासांत किलोकिलोने भाजलं. संध्याकाळी घरी येऊन आठवलं, की मी खाल्लं ते एक आणि एक फुटका अर्धा.

पुढच्या आठवड्यात तिला अकराचा आकडा सांगून टाकला. ती हसली नाही. म्हणाली, तिचंही असंच, पण रात्री, सगळे झोपल्यावर. आता ती दहाला चहाला येते, नाहीतर मी जाते. पुडा कपाटात, बशी बाहेर. बोलता बोलता कधी चार होतात, तशी मी कॅलेंडरवर चार लिहिते.

जूनमध्ये डॉक्टरीणबाईंना खरा आकडा सांगितला. त्यांनी जुना कागद काढला, दोनावर काट मारली, वर ११ लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "बहुतेक सगळे दोनच सांगतात." रक्त ५.९ आलं. अजून उंबरठाच आहे.

या दिवाळीला सासूबाई येताहेत. फोनवर विचारत होत्या, कयानीचे श्रूजबेरीचे डबे किती आणू, चार की सहा? मी म्हटलं, "आई, एक पुरे."

"अगं, एक कसा पुरेल? त्या समोरच्या बाईला नको का?"

दोन ठरले आहेत. त्यातला एक सरळ समोर जाईल.