थंड डोक्याचा डोंगर

कॉलम म्हटले की आम्हा बँकवाल्यांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात : जमा आणि नावे. त्यामुळे "काका, अंधेरीतला कॉलमवाला डोंगर दाखवते," असे पुतणी म्हणाली तेव्हा मी दचकलोच. रविवारीसुद्धा कॉलम!

मी अंधेरीला आलो होतो तो वहिनींच्या निरोपावरून. गावच्या घराच्या वाटणीवरून दादाचे नि माझे तीन वर्षे बोलणे बंद होते. प्रकरण वकिलांपर्यंत गेलेले. आता दोघेही थंड झालो होतो. इतके, की चहासुद्धा मुकाट्याने प्यालो. ती शांतता सोसेना म्हणून पोरीने आम्हा दोघांना गिल्बर्ट हिलला नेले.

इमारतींच्या गर्दीत 61 मीटर उंचीचा काळाकभिन्न कडा! अंगभर उभे खांब, माथ्यावर गावदेवी. "कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे हा," भूगर्भशास्त्र शिकणारी पुतणी म्हणाली. एवढ्या मुदतीची ठेव आमच्याकडे नसल्यामुळे मी गप्प राहिलो.

तिने सांगितले ते असे : लाव्हा तापलेला असतो तोवर एकजीव असतो. निवू लागला की आकसतो. पण आकसायला मोकळी जागा कुठे? मग ताण पडून तडे जातात, तळ्यातला गाळ वाळल्यावर जातात तसे. तीन तडे एका बिंदूत साधारण 120 अंशांनी भेटले की षट्कोन होतो. पाच-सात बाजूंचेही होतात. थंड पृष्ठभागापासून तडे आत आत उतरतात आणि मधे उरतात ते हे खांब. सावकाश निवला तर जाड, घाईने निवला तर बारीक.

"म्हणजे यांच्याही वाटण्या झाल्या तर!" मी म्हणालो.

"झाल्या," दादा म्हणाला. तीन वर्षांत मला उद्देशून त्याने उच्चारलेला हा पहिला शब्द. "पण जागा सोडून कुणी गेलं नाही, बघ."

"आजूबाजूचा दगड मात्र खाणवाल्यांनी फोडून नेला," पुतणी म्हणाली. "तडे असले की फोडायला सोपं जातं ना!"

मी दादाकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. दोघांनाही एकदम आपापले वकील आठवले असावेत.

घरी आल्यावर पुन्हा चहा झाला. या खेपेला दादाने विचारले, "साखर किती?"

चाळीस वर्षांत त्याला ते ठाऊक नव्हते असे नाही.