पात्र आणि गरजू

सरकारी कारकुनाच्या शेजाऱ्यांची एक ठाम समजूत असते. सरकार नावाची जी प्रचंड वस्तू दिल्लीस वसलेली आहे, तिचाच एक तुकडा आपल्या शेजारी भाड्याने राहतो, अशी ती समजूत. परमुलखात बदलीवर बिऱ्हाड थाटून राहिलेल्या वाचकांना हा अनुभव असेलच. नळाला पाणी आले नाही, आधारकार्डावर नाव चुकले, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडला, की माणसे संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभी राहतात. आम्ही कोणत्या खात्यात आहोत, आमच्या टेबलाची कक्षा कोठे संपते, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. आम्ही ‘बाबूजी’ आहोत, एवढे त्यांना पुरते.

जबलपूर शहराच्या उत्तरेस, आधारतालाच्या पलीकडे, महाराजपूर ही आमची वस्ती. मराठी शब्द कानी पडावा असे वाटले तर गोलबाजारातल्या दत्तमंदिरापर्यंत जावे लागते. येथे मात्र सगळा शेजार हिंदी बोलणारा. आमच्या भिंतीला भिंत लागून एक वृद्ध गृहस्थ राहतात. गल्लीतील लहानमोठी सारी मंडळी त्यांना ‘चाचा’ म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. जबलपूरच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपात चाचांनी आयुष्यभर खराद चालविला. त्यांचा मुलगा वेल्डर. सहा वर्षांपूर्वी तो आखातातील एका देशात गेला आणि गल्लीत चाचांचा भाव वाढला. ‘लडका उधर फोरमन है,’ असे ते दर दिवाळीला न चुकता सांगत. आम्हीही ते न चुकता ऐकत असू.

यंदाच्या जानेवारीतील एका रात्री, थंडीने गल्ली चिडीचूप झालेली असताना, चाचा आमच्याकडे आले. एवढ्या उशिरा ते कधी येत नसत. सौभाग्यवतीने पुढे केलेला चहा त्यांनी तसाच निवू दिला आणि खिशातला मोबाईल काढून आमच्या हाती दिला. मुलाचा संदेश होता. कंपनी बंद पडली होती. आठ महिन्यांचा पगार मिळाला नव्हता. पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता, वास्तव्याचा परवाना संपला होता आणि त्या विलंबाचा दंड दिवसागणिक चढत होता. दंड भरल्याखेरीज देश सोडता येत नव्हता, आणि पगाराखेरीज दंड भरता येत नव्हता. मुलगा फोरमन नव्हता, हेही त्याच संदेशात ओघाने उघडे झाले होते.

‘बाबूजी, सरकार काही करते का हो अशांसाठी?’ चाचांनी विचारले.

करते. ते आम्हांला ठाऊक होते, कारण परिपत्रके वाचणे हाच आमचा व्यवसाय. परदेशांतील भारतीय वकिलातींत २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी नावाचा एक निधी आहे. ज्या देशांत जाण्यासाठी अल्पशिक्षित कामगारास सरकारी परवानगी लागते, त्या देशांपुरता तो आरंभी होता. पुढे तो सर्व वकिलातींत लागू झाला. १ सप्टेंबर २०१७ पासून त्याचे नियम अधिक सैल करण्यात आले. संकटात सापडलेल्या नागरिकाची तात्पुरती राहण्या-जेवण्याची सोय, तातडीचे औषधपाणी, वकिलाची फी, परतीचे विमानभाडे, आणि दुर्दैवाने प्राण गेलाच तर मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च, हे सारे त्यातून करता येते. कामगाराचा सकृद्दर्शनी दोष नसेल तर बेकायदा वास्तव्याचा किरकोळ दंडही भरता येतो. तक्रार नोंदविण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली ‘मदद’ या नावाचे एक संकेतस्थळही काढले आहे.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि आमच्यातला कारकून जागा झाला. आम्ही एकामागून एक प्रश्न विचारू लागलो. एजंटाला किती पैसे दिले? नियमाने परवानाधारक एजंटाला कामगाराकडून तीस हजार रुपये व वर कर एवढेच घेता येतात. चाचांनी त्याच्या कितीतरी पट दिले होते, आणि पावती नव्हती. कोणत्या व्हिसावर गेला? पर्यटकाच्या. म्हणजे देशांतराच्या परवानगीची नोंद नाही. म्हणजे दहा लाखांचा जो प्रवासी भारतीय विमा असल्या कामगारास सक्तीने उतरविला जातो, तोही नाही. प्रत्येक उत्तरासरशी आम्ही ‘अरेरे’ म्हणत होतो. परंतु खरे सांगायचे तर मनात कोठेतरी प्रकरणातील त्रुटी सापडल्याचे समाधानही होत होते. वर्षानुवर्षे त्रुटी शोधण्याचाच पगार घेतलेल्या माणसाचे असेच होते.

अर्जाचा मसुदा झाला. ही मदत परिस्थिती पाहून, अत्यंत पात्र आणि गरजू व्यक्तींनाच द्यावी, असा नियम आहे. म्हणून आम्ही लिहिले, ‘अर्जदाराचे कुटुंब निर्धन असून परतीचे भाडे भरण्यास सर्वस्वी असमर्थ आहे.’ ते वाक्य आम्ही हिंदीत वाचून दाखविले. चाचांनी डोके हलविले.

‘एवढे लिहू नका, बाबूजी.’

‘हेच तर लिहायला हवे, चाचा.’

‘आजवर कुणापुढे हात पसरला नाही. घर विकीन, पण निर्धन म्हणून सही करणार नाही.’

आणि ते उठून गेले. निवलेला चहा तसाच राहिला.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. चाचांचा हट्ट आम्हांला मूर्खपणाचा वाटत होता आणि त्याच वेळी त्याचा आदरही वाटत होता. सरकारने नागरिकाला द्यावयाची मदत ही वस्तू नेमकी आहे तरी काय? दया, की देणे?

आम्हांला आमचे मामा आठवले. मामा रत्नागिरीकडचे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा ते तेथे होते. लाखाहून अधिक भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांनी त्या दिवसांत परत आणले. त्यांत मामाही नेसत्या वस्त्रांनिशी आले. पुढे संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली नुकसानभरपाईचा एक आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून काही हिस्सा कापून घ्यायचा आणि ज्यांना पळावे लागले त्यांना द्यायचा, अशी ती योजना. कुवेत किंवा इराक सोडावे लागले एवढेच ज्यांचे गाऱ्हाणे होते त्यांना ठराविक रक्कम, एकट्या माणसास अडीच हजार डॉलर आणि कुटुंबास पाच हजार. अन्य प्रकारचा दावा करणार नाही असे लिहून दिले, तर ती अनुक्रमे चार व आठ हजार. आयोगाचे काम इतके लांबले की इराकने शेवटचा हप्ता भरला तो २०२२ साली. अर्थात मामांसारख्यांची किरकोळ देणी त्याच्या कितीतरी आधी फिटली होती. मामांचे पैसे हप्त्याहप्त्याने आले. पहिल्या हप्त्याच्या कागदाची छायाप्रत त्यांनी काचेच्या चौकटीत बसवून देवघराशेजारी टांगली होती! त्यांना त्याची लाज नव्हती, कारण ती भरपाई होती. ज्याने नुकसान केले त्याच्याच खिशातून ती आली होती. चाचांना मात्र तशाच सरकारी कागदावर सही करताना हात कापत होता.

एकाच मदतीला निरनिराळी राष्ट्रे निरनिराळे नाते लावतात, हेही त्या रात्री मनात आले. २०२० च्या महामारीत जपानने माणशी १ लाख येन वाटले. परंतु ते जपानातील रहिवाशांच्या नोंदवहीत ज्यांचे नाव होते त्यांना. त्या नोंदवहीतला परदेशी मनुष्यही त्यास पात्र ठरला, आणि परदेशी राहणारा जपानी मात्र वगळला गेला. जपानने पत्ता पाहिला. त्याच वर्षी अमेरिकेने १,२०० डॉलर दिले, ते उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या आपल्या नागरिकास तो जगाच्या पाठीवर कोठेही असला तरी दिले. अमेरिकेने पासपोर्ट पाहिला. तिला तो अधिकारही आहे, कारण आपल्या नागरिकाच्या मिळकतीवरचा कर ती त्याच्या मागोमाग परदेशापर्यंत नेते. आपल्याकडे ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ची विमाने सुटली, तेव्हा भाडे प्रवाशाने द्यायचे होते आणि ज्याला ते खरोखरीच शक्य नव्हते त्याच्यासाठी हा वकिलातींचा निधी होता. आपण पत्ताही पाहिला नाही आणि नुसता पासपोर्टही नाही. आपण गरज पाहिली. तत्त्व म्हणून ते वाईट नाही. पण गरज पाहायची म्हणजे ती आधी दाखवावी लागते, आणि दाखविणाऱ्याच्या जिवावर काय बेतते ते पाहण्यासाठी अर्जात रकाना नसतो.

आणि मग एक फार ओशाळवाणी आठवण वर आली. आमच्या टेबलावर कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या फायली येतात. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात बँकेने खुलाशासाठी पाठविलेला एक हयातीचा दाखला आमच्याकडे आला होता. कॅनडात मुलीकडे राहणाऱ्या एका वृद्ध विधवेचा. अलीकडे चेहरा दाखवून मोबाईलवरही हा दाखला देता येतो, परंतु ज्यांच्याजवळ आधारकार्ड नाही त्यांना कागदच लागतो. त्या कागदावरील वकिलातीचा शिक्का अस्पष्ट होता. आम्ही शेरा मारला, ‘शिक्का वाचनीय नाही. पुन्हा सादर करावा.’ शेरा नियमास धरून होता. नवा दाखला यथावकाश आला. सोबत एक चिठ्ठी होती. ‘वकिलात येथून बसने चार तासांवर आहे. बर्फ थांबल्यावर गेले. शिक्का या वेळी ठळक मारून घेतला आहे.’ एवढेच. तक्रार नाही, राग नाही. आम्ही चिठ्ठी फायलीला लावली, पृष्ठांक घातला आणि विसरलो. ती त्या रात्री आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या अंगणात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. महिन्याची ‘बीसी’ होती. आपण जिला भिशी म्हणतो, तीच. प्रत्येकीने ठराविक रक्कम टाकायची आणि ज्या घरी अडचण असेल तिला आधी उचलू द्यायची. ते दृश्य पाहता पाहता आम्हांला एकदम काहीतरी उमगले. आम्ही चाचांना बाजूला बोलाविले.

‘चाचा, मुलाने तिकडे पासपोर्टचे नूतनीकरण करून घेतले होते ना?’

‘दोन वर्षांमागे. वकिलातीत जाऊन.’

‘तेव्हा फीवर थोडी जास्त रक्कम घेतली असेल. ती याच निधीची. या निधीत सरकारने दान टाकलेले नाही. तिकडची माणसे वकिलातीत कागद करायला जातात, त्यांच्याकडून थोडेथोडे घेऊन तो भरतो. ही त्यांची भिशी आहे, चाचा. तुमच्या मुलाने आपला वाटा टाकलेला आहे. आता त्याची पाळी आली.’

आम्ही जे सांगितले त्यात खोटे काही नव्हते. आरंभीच्या काळात सरकारने त्यात पैसा घातला होता हे खरे. परंतु पुढे हा निधी वकिलातींच्या सेवांवरील त्या लहानशा अधिभारावरच चालावा, अशीच त्याची रचना आहे. चाचा बराच वेळ बीसीच्या वहीकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, ‘असे असेल तर सही करतो. पण तो शब्द बदला.’

आम्ही ‘निर्धन’ हा शब्द खोडला आणि लिहिले, ‘आठ महिन्यांचे वेतन थकल्यामुळे परतीचे भाडे देण्यास सध्या असमर्थ.’ अर्थ तोच राहिला, नियमालाही बाध आला नाही. पर्यटक व्हिसाची गोष्टही आम्ही दडविली नाही. एखाद्या माणसाची मान ताठ ठेवायला फक्त एक शब्द बदलावा लागतो, हे बारा वर्षांच्या नोकरीत आम्हांला कोणी शिकविले नव्हते.

प्रकरण चटकन मिटले नाही. पत्रे गेली, स्मरणपत्रे गेली. वकिलातीने मुलाची राहण्याची सोय केली, मालकाशी बोलणी केली, पासपोर्ट सोडविला. दंडाचा प्रश्न सुटला आणि एप्रिलच्या एका दुपारी एक पिशवी घेऊन तो महाराजपूरला उतरला. वाळून अर्धा झाला होता. आठ महिन्यांचा पगार तिकडेच राहिला. त्याच्या दाव्यासाठी मुखत्यारपत्र करून देऊन तो आला आहे, आणि तो पैसा हाती येईल अशी आशा आम्ही चाचांना देत नाही. निधी माणूस परत आणतो, त्याची मजुरी आणू शकत नाही. एजंटाचे कर्ज तर जिथल्या तिथेच आहे. मुलगा सध्या जवळच्या एका गॅरेजात वेल्डिंग करतो. यंदाच्या दिवाळीत चाचांनी ‘फोरमन’ हा शब्द काढला नाही. ‘लडका घर पे है,’ एवढेच म्हणाले, आणि फराळाचे ताट आमच्या हाती दिले.

नोव्हेंबर पुन्हा आला आहे. परवा बँकेकडून त्याच बाईंचा दाखला पुन्हा खुलाशासाठी आला. शिक्का यंदाही पुसट. आम्ही सवयीने लेखणी उचलली, मग ती ठेवली, कागद घेऊन खिडकीशी गेलो आणि उजेडात धरला. वकिलातीचे नाव, तारीख, अधिकाऱ्याचे पद, सारे काही वाचता येत होते. गेल्या वर्षीही आले असते.