सकाळची घाई, घरातलं मांजर आणि नळाखालची पंधरा मिनिटं

ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांना सकाळी गजर लावावा लागत नाही. आमच्याकडे ठमी आणि गब्बू अशी दोन आहेत. पाच वाजले की ठमी पांघरुणाखाली हलणाऱ्या माझ्या अंगठ्यावर झडप घालते. गब्बू ओट्यापाशी बसून दुधाच्या पिशवीची वाट बघत ओरडत राहतो. दाढी होईपर्यंत इस्त्रीच्या शर्टावर कोणीतरी ऐसपैस झोपलेलं असतं आणि बुटाची लेस बांधायला घेतली की ती दोघांनाही हवी असते. दवाखान्यात पोचेपर्यंत पँटवर केस असतातच. जुने पेशंट ते बघून हसतात, आणि मग स्वतःच्या घरच्या मांजराच्या गोष्टी सांगतात. त्या गोष्टींतून वारंवार समोर आलेल्या काही बाबी आज तुम्हाला सांगतो.

आधी एक समजून घ्या. तुमचं मांजर सकाळी मुद्दाम त्रास देत नाही. मांजर हा पहाटे आणि तिन्हीसांजेला, अंधुक उजेडात शिकार करणारा प्राणी आहे. नेमकं त्याच वेळी आपण उठतो आणि धावपळ सुरू करतो. हलणारी पावलं, साडीचा पदर, पायजम्याची नाडी, सगळं त्याला शिकारीसारखंच दिसतं. यावर साधा उपाय आहे. रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरीने किंवा चेंडूने त्याला दमवा आणि मग खायला द्या. सकाळी डोळे उघडल्याबरोबर वाटी भरू नका, आधी तोंड धुवा, चहा ठेवा. ओरडल्याबरोबर खाणं मिळतं हे एकदा कळलं, की दुसऱ्या दिवशी ते तुम्हाला आणखी लवकर उठवतं.

आता तब्येतीचं बघू. पहिली गोष्ट पडण्याची. अर्धवट झोपेत बाथरूमकडे जाताना मांजर पायात येतं. तरुण माणूस सावरतो, पण सत्तरीच्या आजींचं खुब्याचं हाड मोडू शकतं. घरात वयस्कर माणसं असतील तर पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा चालू ठेवा.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. नाश्त्याच्या टेबलावर काढून ठेवलेली बीपीची गोळी मांजर पंजाने ढकलतं, ती कपाटाखाली जाते आणि घाईत तुमचा त्या दिवसाचा डोस चुकतो. उलट धोका मांजरालाही आहे. आपली रोजची पॅरासिटामॉल त्याच्यासाठी विष आहे. ती पचवून बाहेर टाकण्याची सोय त्याच्या यकृतात पुरेशी नसते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. म्हणून गोळी हातात घेतली की लगेच पाण्याबरोबर घ्या, टेबलावर ठेवू नका. आणि हो, घरी बीपी मोजत असाल तर मांजरामागे पळून आल्या आल्या मोजू नका. पाच मिनिटं शांत बसा, मग पट्टा बांधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ओरखडा आणि चावा. "घरचंच मांजर आहे डॉक्टर, काही होत नाही," हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. एक ताई ऑफिसला निघताना मांजराला उचलून घरात ठेवत होत्या. ते अंगठ्याच्या बुडाशी चावलं. टाचणी टोचावी एवढीच खूण होती. त्यांनी हळद लावली, रुमाल बांधला आणि लोकल पकडली. रात्री माझ्याकडे आल्या तेव्हा हात लालबुंद सुजला होता, बोटं मिटत नव्हती. शिरेतून अँटिबायोटिक देण्यासाठी त्यांना दाखल करावं लागलं. मांजराचे दात सुईसारखे बारीक आणि टोकदार असतात. वरून जखम लहान दिसते, पण तोंडातले जंतू खोल, सांध्याच्या आणि स्नायूबंधांच्या जवळ जातात. म्हणून हातावरचा चावा कधीही लहान समजू नका. मधुमेह असणाऱ्यांनी तर तळपायही रोज तपासावेत. पायाला बधिरपणा असला तर सकाळचा ओरखडा कळतही नाही.

दुसरी भीती रेबीजची. आपल्याकडे हा आजार मुख्यतः कुत्र्यांमुळे होतो, पण मांजरामुळेही होऊ शकतो आणि लक्षणं सुरू झाल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. रक्त न येता नुसता ओरखडा उठला तरी लसीचा विचार करावा लागतो. चावून किंवा ओरखडून रक्त आलं, किंवा कापलेल्या जागी मांजराने चाटलं, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागू शकतं. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना काळ झाला. आता चार-पाच वेळा, दंडावर इंजेक्शन देतात आणि सरकारी रुग्णालयांत ते मोफत मिळतं. तुमचं मांजर घराबाहेर जात नसेल आणि त्याला दरवर्षी लस दिलेली असेल तर धोका बराच कमी असतो. तरीही लस घ्यायची की नाही हे स्वतः ठरवू नका. मांजराचं लसीकरण कार्ड घेऊन डॉक्टरांकडे या. पुढचे दहा दिवस मांजरावर लक्ष ठेवा, पण त्या दहा दिवसांची वाट बघत स्वतःचे उपचार लांबवू नका.

मांजर चावलं किंवा ओरखडलं की सर्वांत आधी जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाईत दोन मिनिटंही पंधरासारखी वाटतात. नंतर पोव्हिडोन आयोडिन लावा. हळद, चुना, तिखट, तेल काही नको. घट्ट पट्टीही नको. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. सूज वाढली, लाल रेघ वर चढू लागली किंवा ताप आला तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. ओरखड्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काखेत गाठ आली तरी मांजराबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा. मांजराच्या, विशेषतः पिल्लांच्या, ओरखड्यातून येणारा एक ताप असा उशिरा दिसतो.

"मग मांजर सोडून देऊ का?" असं काही जण घाबरून विचारतात. अजिबात नको. त्याला वेळेवर लस द्या, नखांची टोकं कापा, हाताने नाही तर खेळण्याने खेळवा. आणि एखाद्या सकाळी ओरखडा बसलाच, तर ऑफिसात फोन करून अर्धा तास उशीर होईल म्हणून कळवा आणि आधी नळ उघडा.