अब्बांची बायपास आणि अम्मीची वही

अब्बांची बायपास पुण्यात झाली आणि आठ-दहा दिवसांनी ते औशाला घरी गेले. मी नोकरीमुळे पुण्यात. मध्ये तीनशेहून जास्त किलोमीटर. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. रोजचं वजन, बीपी, नाडी त्यात भरायची आणि दवाखान्यातली माणसं ते बघणार. अ‍ॅप इंग्रजीत. अब्बा उर्दू आणि मराठी वाचतात, अम्मी फक्त मराठी. मग ठरलं असं की अम्मी रोज सकाळी आकडे वहीत लिहील, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवील आणि मी ते अ‍ॅपमध्ये भरीन.

बायपासनंतर खरं काम घरीच असतं. कापलेलं छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर जड उचलायचं नाही, हातावर भार देऊन उठायचं नाही, खोकताना छातीशी उशी धरायची. सजद्यातून उठताना हातांवर जोर येतो, म्हणून नमाज खुर्चीवर. अब्बांना याचंच जास्त वाईट वाटलं.

गोळ्यांच्या वेळा अ‍ॅप वाजवून सांगायचं, पण माझ्या फोनवर. अब्बांच्या फोनमध्ये अजानचं अ‍ॅप आधीपासून होतं. अम्मीने डॉक्टरांना विचारून गोळ्या नमाजांना बांधून टाकल्या. फजरनंतरची वेगळी डबी, इशानंतरची वेगळी. एकही गोळी चुकली नाही.

घरी गेल्यावर अकराव्या दिवशी अम्मीचा आवाज आला, "त्रेसठ आणि अर्धा." तीन दिवसांपूर्वी वजन साडेएकसष्ट होतं. मी विचारलं तर मागून अब्बा म्हणाले, "पांव की नस निकाले ना बेटा, सूजताच है." बायपाससाठी पायातली नस काढतात आणि त्या पायाला सूज येते, हे खरंच आहे. पण अम्मी म्हणाली, "दोनों पांव सूजे हैं." मी आकडा भरला. अर्ध्या तासात दवाखान्यातून फोन आला. लातूरला नेऊन तपासलं, तर अंगात पाणी साठत होतं. लघवी होण्याची गोळी वाढवली आणि चार-पाच दिवसांत वजन जागेवर आलं. आणखी आठवडाभर थांबलो असतो तर रात्री धाप लागून धावपळ करावी लागली असती. तीन दिवसांत दोन किलो चरबी वाढत नाही, ते पाणी असतं. हृदयाच्या पेशंटच्या घरात वजनकाटा औषधाइतकाच लागतो.

याच काळात एका नातेवाईकाने अब्बांना दुसरंच अ‍ॅप दिलं. फोनवर बोट ठेवा, बीपी कळतो म्हणे. अशाच एका खपाच्या अ‍ॅपची तपासणी अमेरिकेत झाली होती आणि 2016 साली ती प्रसिद्ध झाली. ज्यांचा बीपी खरोखर वाढलेला होता, अशा दहातल्या जवळजवळ आठ जणांना त्या अ‍ॅपने 'ठीक आहे' असं दाखवलं होतं. ते अ‍ॅप आम्ही काढून टाकलं. दंडाला पट्टा बांधायचं मशीन बरं.

मग चांगलं अ‍ॅप कोणतं? ऑस्ट्रेलियात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 120 जणांवर एक प्रयोग झाला, 2014 साली तो छापून आला. फोनच्या मदतीने घरी व्यायाम आणि पथ्य सांभाळणाऱ्यांपैकी 80 टक्के लोकांनी कार्यक्रम पूर्ण केला, केंद्रावर जाणाऱ्यांपैकी 47 टक्के. पण त्या फोनवाल्यांना दर आठवड्याला एक माणूस फोन करून विचारपूस करत होता, हे विसरू नये.

आमच्याकडेही अ‍ॅपने एकट्याने काही केलं नाही. एका टोकाला आकडा बघणारी सिस्टर होती आणि दुसऱ्या टोकाला पहाटे उठून काटा मांडणारी अम्मी. तिचं नाव कुठल्याच फाईलमध्ये नाही. तिला वाचता येईल असं मराठी त्या अ‍ॅपमध्ये असतं, तर मधला मीही लागलो नसतो. आणि ज्या घरात असा मधला कोणी नाही, तिथे ते अ‍ॅप फोनमध्ये नुसतं पडून राहत असणार.

आपल्याकडे अनेकजण म्हणतात, शिफा देणारा अल्लाह आहे. आहेच. पण आधी उंट बांधा आणि मग तवक्कुल करा, हेही आपल्याला शिकवलेलं आहे. म्हणून कोणाचं ऑपरेशन झालं, तर डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी विचारून घ्या. आम्ही पाठवलेले आकडे रोज कोण बघणार? किती वजन वाढलं की फोन करायचा? आणि रात्री दोन वाजता तो कोणत्या नंबरवर करायचा? उत्तरं मराठीत लिहून घ्या आणि घरात जी पेशंटची काळजी घेणार आहे, तिच्या हातात द्या.