नेकारकाठी जुन्या टर्बोच्या शोधात

स्टुटगार्टच्या मुख्य स्थानकातून हाइलब्रॉनकडे जाणारी आगगाडी सुटली, की काही मिनिटांतच त्सुफेनहाउझेन येते. कारखान्यांच्या लांबच लांब भिंती आणि रुळांचे जाळे यांपलीकडे येथे प्रवाशाने मुद्दाम पाहावे असे फारसे दिसत नाही. पण मोटारींचे वेड असलेल्या माणसाला हे नाव पंढरीसारखे आहे. पोर्शे मोटारींचा कारखाना येथलाच. स्टुटगार्ट हे नाव घोड्यांची पैदास करण्यासाठी राखलेल्या जुन्या कुरणावरून पडले. तोच घोडा शहराच्या चिन्हात आला आणि तेथून पोर्शेच्या बिल्ल्यावर जाऊन बसला.

एका शनिवारी सकाळी या आगगाडीत एक मराठी जोडपे बसले होते. दोघेही मूळचे नाशिकचे, आता काही वर्षे स्टुटगार्टला नोकरी करणारे. नवरा इंजिनिअर, बायको हिशेबनीस. नवऱ्याच्या वडिलांची सारी हयात नाशिकच्या बॉश कारखान्यात गेली. त्या बॉशचे मूळ दुकानही स्टुटगार्टचेच, १८८६ सालचे. लहानपणी एका जर्मन पाहुण्याने वडिलांना दिलेल्या मासिकात त्याने लाल रंगाच्या मोटारीचे चित्र पाहिले होते. दोन दारे, लांब नाक, मागे उतरत जाणारी काच. खाली नाव होते ‘पोर्शे ९४४ टर्बो’. ते चित्र अनेक वर्षे कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. आता तशीच एखादी जुनी गाडी घेण्याइतके पैसे साठले होते. आठ वर्षांची ती बचत होती आणि नाशिकच्या घराची डागडुजीही व्हायची होती.

बायकोने नाही म्हटले नव्हते. “तुमची हौस आहे, घ्या,” ती म्हणाली होती, “पण आधी कागद पाहायचे, मग गाडी.” तिच्या पिशवीत एक वही होती.

लुडविग्सबर्गची लाल गाडी

पुढचे मोठे स्थानक लुडविग्सबर्ग. व्यूर्टेम्बर्गच्या राजघराण्याचा भव्य वाडा आणि त्याभोवतीची उद्याने पाहायला येथे पर्यटकांची रीघ लागते. आधीच्या शनिवारी हे दोघेही येथे उतरले होते, पण वाड्याकडे गेले नाहीत. गावाबाहेरच्या एका विक्रेत्याकडे चित्रातल्यासारखीच लाल गाडी उभी होती. रंग नवा, आसने नवी, इंजिन धुऊन लख्ख केलेले. नवऱ्याचे डोळे चमकले. बायकोने सर्व्हिसची वही मागितली.

जर्मनीत या वहीला ‘शेकहेफ्ट’ म्हणतात. मुलाच्या लसीकरणाच्या कार्डासारखी ती गाडीबरोबर फिरते. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणत्या गॅरेजने काय काम केले, याचे शिक्के तिच्यात असतात. लाल गाडीच्या वहीतला शेवटचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा होता. “त्यानंतर ती फारशी चाललीच नाही,” विक्रेता म्हणाला. त्याला वाटले, ही गाडीची स्तुती झाली.

खरे तर धोक्याची घंटा येथेच वाजते. उभी राहिलेली गाडी झिजत नाही, पण म्हातारी होते. रबराचे पाइप कडक होतात, तेल अडवणारी सीले सुकतात, ब्रेकमधले तेल ओलावा धरते. ९४४ च्या इंजिनात एक दातेरी पट्टा असतो. तो इंजिनच्या तळाशी फिरणाऱ्या दांड्याची आणि वर उघडझाप करणाऱ्या झडपांची वेळ जुळवतो. हा पट्टा तुटला, तर झडपा पिस्टनवर आदळून वाकतात आणि क्षणात इंजिनचे मोठे काम निघते. म्हणून गाडी चालो वा न चालो, चार-पाच वर्षांत तो बदलावा असे जाणकार सांगतात. लाल गाडीतला पट्टा किती जुना, हे कोणालाच सांगता येत नव्हते. वहीत नोंद झाली: “पट्टा – माहीत नाही.” दोघे परतले. नवरा दोन दिवस गप्प होता.

द्राक्षमळ्यांतून

लुडविग्सबर्ग मागे पडले, की मुलूख बदलतो. बीटिगहाइमजवळ आगगाडी एन्झ नदीवरच्या उंच दगडी पुलाजवळून जाते. पुढे बेझिगहाइम हे टेकडीवर चढलेले जुने गाव, आणि मग नेकार नदीच्या वळणांवर द्राक्षांचे मळे. नाशिकच्या माणसाला द्राक्षमळ्यांचे अप्रूप नाही, पण हे मळे उभ्या उतारावर दगडी बांध रचून केलेले आहेत. यंत्र तेथे सहज पोहोचत नाही, बरेच काम हातानेच करावे लागते.

येथली स्वाबियन माणसे कष्टाळू आणि काटकसरी म्हणून साऱ्या जर्मनीत ओळखली जातात. त्यांच्या इमारतींत ‘केअरवोखे’ नावाची रीत आहे. आठवड्याच्या पाळीने प्रत्येक बिऱ्हाडाने जिना आणि अंगण झाडायचे, आणि पाळी कोणाची हे सांगणारी पाटी त्याच्या दारावर लटकवायची. अशा माणसाने सांभाळलेली जुनी वस्तू विकत घ्यायला हरकत नसते, असे तेथले भारतीय गमतीने म्हणतात.

हाइलब्रॉननंतर लगेच येते नेकार्सउल्म. सुल्म नावाची छोटी नदी येथे नेकारला मिळते, म्हणून हे नाव. गाव लहान, कारखाना मोठा.

गावाला तारणारी गाडी

या कारखान्याची गोष्ट सांगितल्याशिवाय ९४४ ची गोष्ट पुरी होत नाही. विणकामाची यंत्रे बनवणारी एक कंपनी १८८० साली येथे आली. पुढे तिने सायकली केल्या, मग मोटारसायकली, मग मोटारी. एनएसयू हे तिचे नाव. गावातल्या जुन्या गढीत आज दुचाकींचे संग्रहालय आहे, तेथे हा सारा इतिहास पाहायला मिळतो.

१९६७ साली एनएसयूने ‘आरओ ८०’ ही मोटार आणली. तिच्यात वरखाली होणाऱ्या पिस्टनऐवजी गरगर फिरणारे वँकेल इंजिन होते. १९६८ ची युरोपातली सर्वोत्तम मोटार म्हणून तिचा गौरव झाला. पण इंजिनच्या टोकांवरची सीले लवकर झिजत, आणि कंपनीला ग्राहकांना इंजिने बदलून द्यावी लागली. असे सांगतात, की आरओ ८० चे दोन मालक रस्त्यात समोरासमोर आले, की एकमेकांना बोटे दाखवत. जितकी बोटे, तितकी बदललेली इंजिने! १९६९ मध्ये फोक्सवागेनने एनएसयू ताब्यात घेऊन ती आऊडीशी जोडली.

नंतर १९७३ चे तेलसंकट आले. मोटारींचा खप घसरला आणि नेकार्सउल्मचा कारखाना बंद करण्याचे घाटू लागले. १९७५ च्या एप्रिलमध्ये हजारो कामगार येथून हाइलब्रॉनपर्यंत चालत गेले. घरोघरी एकच चिंता होती, चूल कशी पेटायची?

त्याच सुमारास फोक्सवागेनने स्वतःसाठी पोर्शेकडून आखून घेतलेली एक स्पोर्ट्स मोटार सोडून दिली. पोर्शेने तो आराखडा परत विकत घेतला आणि गाडी बनवण्यासाठी नेकार्सउल्मचा कारखाना निवडला. ती ९२४. १९७६ पासून ती बाजारात आली. तिच्यापासूनच १९८० च्या दशकात ९४४ तयार झाली, आणि १९८५ मध्ये ९४४ टर्बो. १९९१ पर्यंत ९४४ येथेच बनत होती. कारखाना बंद पडला नाही. आजही तेथे आऊडी मोटारी बनतात.

भिंगरी आणि तिची भूक

टर्बो म्हणजे काय? इंजिनमधून बाहेर फेकला जाणारा गरम धूर एका छोट्या चक्राला फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. साध्या ९४४ ची ताकद १६३ अश्वशक्ती होती, टर्बोची २२० झाली. कंपनीने तिचा कमाल वेग ताशी २४५ किलोमीटर सांगितला होता.

पण ही भिंगरी मिनिटाला लाखभर फेरे घेते, आणि तिला तोलून धरतो तो तेलाचा पातळ थर. सुसाट चालवून आल्यावर इंजिन एकदम बंद केले, तर तापलेल्या टर्बोत तेल जळून कोळसा होते. म्हणून थांबल्यावर मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवायचे. ९४४ टर्बोत आणखी एक सोय आहे. चावी काढल्यावरही एक छोटा विजेचा पंप टर्बोभोवती पाणी खेळवत राहतो. इतकी काळजी घेऊन बनवलेली वस्तू तितकीच काळजी घेणारा मालक मागते.

निवृत्त कामगाराचे अंगण

नेकार्सउल्मचा विक्रेता सत्तरीतला, याच कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याची १९८७ ची टर्बो करड्या रंगाची होती. नाकावर खड्यांचे टवके, डॅशबोर्डला उन्हाने गेलेली भेग, आणि काट्यावर १ लाख ८४ हजार किलोमीटर. नवऱ्याच्या चेहऱ्यावरची निराशा लपली नाही.

म्हाताऱ्याने मात्र आधी गाडी दाखवलीच नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक जाडजूड फाइल ठेवली. प्रत्येक पावती तारखेने लावलेली. पट्टा तीन वर्षांपूर्वी बदललेला. टर्बो एकदा दुरुस्त केलेला. तेल दरवर्षी. बायकोने वही उघडली आणि तासभर दोघे पावत्या वाचत बसले.

“गाडी भरवशाची आहे का?” तिने शेवटी विचारले.

म्हातारा हसला. “बाई, बेर्टा बेंझची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का? याच नेकारच्या खालच्या अंगाला, मानहाइमला राहायची ती. तिची गाडी वाटेत बंद पडली होती. पण ती घरी पोहोचली.”

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. शंभरएक किलोमीटरचा हा प्रवास मोटारीचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास मानला जातो. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतले. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना कातडे लावून घेतले. लग्नाआधी आपल्या हुंड्याचे पैसे नवऱ्याच्या धंद्यात घालणारी हीच बाई. पैसे कशात गुंतले आहेत, हे तिने स्वतः रस्त्यावर नेऊन पाहिले.

मग गाडी बाहेर निघाली. इंजिन आधी तापवून ठेवू नका, असे त्यांनी फोनवर सांगितले होते. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर निघतो का, ते पाहायचे होते. निघाला नाही. पाण्याच्या टाकीचे झाकण उघडले, तेलाचा तवंग नव्हता. या इंजिनात जुने सील गेले, की तेल पाण्यात मिसळते. महामार्गावर नवऱ्याने पाय दाबला. क्षणभर काहीच घडले नाही, आणि मग कोणीतरी पाठीमागून ढकलावे तशी गाडी पुढे झेपावली. तो हसला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे हसू होते ते.

तरी व्यवहार त्या दिवशी झाला नाही. खासगी विक्रीत गाडी बहुधा ‘जशी आहे तशी’ दिली जाते, नंतर तक्रारीला जागा नसते. गाडीला दर दोन वर्षांची सरकारमान्य तपासणी होते, पण ती ब्रेक, दिवे, गंज, धूर पाहते. पट्टा किंवा टर्बो आणखी किती टिकेल, हे ती सांगत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात एका स्वतंत्र गॅरेजमध्ये पैसे भरून गाडी उचलून पाहिली. क्लच संपत आला होता. या गाडीत गिअरबॉक्स मागे असतो, त्यामुळे क्लच बदलायला मागचा बराच भाग उतरवावा लागतो. काम वेळखाऊ, म्हणून महाग.

म्हाताऱ्याने वाद घातला नाही. किंमत कमी केली. बायकोने वहीत अखेरचा हिशेब मांडला. गाडीची किंमत, क्लच, विमा, आणि अडीअडचणीला बाजूला ठेवायची रक्कम. गाडीला तीस वर्षे उलटून गेल्याने आणि ती मूळ रूपात असल्याने तिला ऐतिहासिक मोटारीचा ‘एच’ क्रमांक होता. त्यामुळे वर्षाचा कर सुमारे १९२ युरो. नाशिकच्या घराच्या छपराचे पैसे तिने वेगळ्या रकान्यात लिहिले आणि त्याखाली दुहेरी रेघ ओढली. त्या रेषेच्या वर बेरीज बसली. मग सही झाली.

परतताना महामार्ग वाइन्सबर्गजवळून जातो. तेथल्या टेकडीवर एका किल्ल्याचे अवशेष आहेत. ११४० साली राजाने वेढा घातला, तेव्हा बायकांनी पाठीवर नेता येईल ते घेऊन जावे, अशी सवलत त्याने दिली. बायका बाहेर आल्या, त्या नवऱ्यांना पाठीवर घेऊन, अशी कथा आहे. बायकोने ती वाचून दाखवली. नवरा ताशी एकशेवीसवर गाडी ठेवून ऐकत होता.

घरी पोहोचल्यावर त्याने चावी लगेच फिरवली नाही. मिनिटभर इंजिन संथ चालू राहिले. मग बंद झाले. दोघे पिशव्या घेऊन उतरले, तेव्हा करड्या बॉनेटखालून बारीकसा आवाज येत होता. “काही बिघडलं का हो?” तिने विचारले.

“नाही,” तो म्हणाला, “पंप चालू आहे.”

दोघे तो थांबेपर्यंत तेथेच उभे राहिले.