बाळंतिणीची मिशरी

फलटणच्या माझ्या दवाखान्यात सव्वा महिन्याचं बाळ घेऊन आलेल्या आईला मी हमखास विचारतो, "मिशरी परत सुरू झाली का?" ती खाली बघते. उत्तर सोबतची आजी देते, "त्याशिवाय पोट साफ होत नाही हो तिचं."

गरोदरपणात बाळासाठी सोडलेली मिशरी माहेरी परतते. रात्रीची जागरणं, बद्धकोष्ठ आणि समोर आईची डबी!

मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्यांतून निकोटीन रक्तात आणि तिथून दुधात उतरतं. बाळाची झोप मोडते. मुंबईतल्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळलं.

मिशरी सुटली नाही म्हणून अंगावरचं दूध मात्र तोडू नका. मिशरी सोडा. पोटासाठी भरपूर पाणी, पालेभाज्या, फळं घ्या; तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना सांगा. तलफ आवरत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर बोला.

आणि आजीबाई, डबी लपवू नका, तुम्हीही सोडा. घरात डबी असताना एकट्या बाळंतिणीने सोडायची, हे फार अवघड आहे.